आरोग्य-अभ्यास: स्वतंत्र पदवी की मायनर?

बारावीनंतर आरोग्य शिकायचं म्हटलं की आपल्याकडे नीट, नर्सिंग, फार्मसी. पण गावात बाळ का दगावतं हे समजायला समाजशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्रही लागतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर कॉलेजांपुढे दोन वाटा आहेत: आरोग्य-अभ्यासाची स्वतंत्र पदवी, किंवा नेहमीच्या पदवीला जोडलेला मायनर, म्हणजे मुख्य विषयासोबतचा दुय्यम विषय.

मायनर सोपा. नवा विभाग उभारायला नको, पदवीवर ओळखीच्या विषयाचं नाव राहतं, पालकही निर्धास्त. पण विषय सुटे सुटेच राहतात. त्यांची सांगड विद्यार्थ्यानेच घालायची.

स्वतंत्र पदवीत ही सांगड अभ्यासक्रमच घालू शकतो. मला हीच वाट पटते, मुख्यतः क्षेत्रकार्यासाठी. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात गावातल्या बायकाच आरोग्यसेविका झाल्या. तिथे पाणी, पोषण, जातिभेद आणि औषधं हे सगळं एकाच कामाचे भाग होते. असं काम आठवड्याच्या दोन तासिकांत कळत नाही, सलग काही महिने तिथे राहावं लागतं. खर्च वाढेल, ते खरंच. नोकरीचा प्रश्न त्याहून मोठा: सरकारी जाहिरातीच्या पात्रतेत या पदवीचं नावच नसेल तर मुलं अडकतील. ती नोंद करून घेणं हे प्रवेश सुरू करण्याच्या आधीचं काम आहे.