एकट्याने खेळायचं की चारचौघांत?

२०१९ साली रिस्पॉन एंटरटेनमेंट या एकाच स्टुडिओने दोन गेम बाजारात आणले. फेब्रुवारीत ‘एपेक्स लेजेंड्स’: फुकट, फक्त ऑनलाइन, आधी ना ट्रेलर ना गाजावाजा, आणि महिन्याभरात ५ कोटी खेळाडू. नोव्हेंबरात ‘स्टार वॉर्स जेडाय: फॉलन ऑर्डर’: पूर्ण किमतीचा, एकट्याने खेळायचा, मल्टिप्लेअर, म्हणजे इतरांबरोबर खेळायचा भाग, औषधालाही नाही. दोन्हींचा प्रकाशक इलेक्ट्रॉनिक आर्ट्स. याच कंपनीने २०१७ च्या ऑक्टोबरात व्हिसेरल गेम्स हा स्टुडिओ बंद केला होता आणि तिथे घडत असलेला कथाप्रधान स्टार वॉर्स गेम मोडीत काढला होता. तेव्हा जो तो म्हणत होता, सिंगल-प्लेअरचे शंभर भरले.

भरले नाहीत. ‘फॉलन ऑर्डर’च्या १ कोटीहून जास्त प्रती खपल्या आणि २०२३ मध्ये पुढचा भागही आला. द गेम अवॉर्ड्समध्ये २०१४ ते २०२५ या काळात वर्षातला सर्वोत्तम ठरलेले बारा गेम पाहा. निव्वळ ऑनलाइन मल्टिप्लेअर त्यात एकच, २०१६ चा ‘ओव्हरवॉच’. २०२१ चा ‘इट टेक्स टू’ दोघांनी मिळूनच खेळायचा. बाकीचे सगळे तुम्ही एकटे बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळू शकता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ने तीन दिवसांत १ कोटी प्रती विकल्या, तोही एकट्याचाच गेम.

अर्थात बक्षिसांवर कंपनी चालत नाही. ‘जीटीए ५’ २०१३ मध्ये आला आणि त्याच्या गोष्टीला जोड म्हणून नवे भाग येणार असं सांगितलं गेलं. ते कधी आलेच नाहीत, कारण त्याचाच ऑनलाइन भाग ‘जीटीए ऑनलाइन’ वर्षानुवर्षं पैसे ओढत राहिला आणि माणसं तिकडेच लागली. ज्या दुकानात गिऱ्हाईक रोज येतं तिथेच मालक बसणार. पण नवीन गेम घ्यायला निघालेल्या माणसाने धंद्याची चिंता वाहायची गरज नाही. त्याने एवढंच बघावं की हा गेम कोणाच्या घड्याळावर चालतो.

पॉजचं बटण

दारावरची बेल वाजली, फोन आला, बाळ उठलं. सिंगल-प्लेअर असेल तर पॉज करा आणि उठा. मल्टिप्लेअरमध्ये पॉज नावाची चीजच नाही. एपेक्सची मॅच रंगली तर वीसेक मिनिटं जाते, आणि तुम्ही मधेच उठलात की तिघांच्या संघात मागे राहिलेल्या दोघांचा पचका. रँक्ड, म्हणजे क्रमवारीसाठी, खेळत असाल तर वर शिक्षा. (एकट्याने खेळता येणारा ‘एल्डन रिंग’सुद्धा साधेपणाने पॉज होत नाही, हे कोणीतरी सांगणारच, म्हणून आधीच मान्य करतो. तो त्या स्टुडिओचा जुना हट्ट आहे.)

ही बाजू सिंगल-प्लेअरची वाटते, पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. मल्टिप्लेअरची प्रत्येक मॅच स्वतःपुरती पूर्ण असते. अर्धा तास आहे, एक मॅच टाकली, जिंकलो किंवा हरलो, विषय संपला. याउलट ऐंशी तासांचा रोल-प्लेइंग गेम (एका पात्राची भूमिका जगायचा) महिनाभर बाजूला ठेवून पुन्हा सुरू करून बघा. आपला नायक कुठल्यातरी पुलावर उभा, झोळीत अनोळखी मुळ्या आणि अर्धवट चिलखतं, नकाशावर खुणांचं रान, आणि ढाल कुठल्या बटणावर होती तेच आठवत नाही. समोरून राक्षस आला की आपण घोड्याला शीळ घालतो. असे किती सेव्ह, म्हणजे अर्ध्यावर जपून ठेवलेले खेळ, लोक पुलावरच सोडून देतात.

मल्टिप्लेअरमध्ये महिनाभर गैरहजर राहिलात तर नायक विसरत नाही, पण जग पुढे गेलेलं असतं. नवा सीझन, बदललेला नकाशा, आपली लाडकी बंदूक पॅचमध्ये (गेमच्या दुरुस्तीत) कमजोर झालेली, आणि ज्यांच्याबरोबर खेळायचो ते हात-दीड हात पुढे. खाडा दोन्हीकडे महाग पडतो. पण सिंगल-प्लेअरमध्ये निदान मागचा सेव्ह उघडून, सराव करून, आपल्या चालीने परत शिरता येतं. तिथे वाट बघणारं कोणी नसतं आणि हसणारंही.

एकाच घरातले दोन भाऊ

वेळ कोणाच्या हातात आहे, यावर गेममध्ये काय घडू शकतं तेही ठरतं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण रिस्पॉननेच दिलंय.

त्यांचा ‘टायटनफॉल’ २०१४ मध्ये आला, तो फक्त ऑनलाइन. ‘टायटनफॉल २’ आला २०१६ च्या ऑक्टोबरात, आणि या वेळी बरोबर सहा-एक तासांची एकट्याची मोहीम होती. त्यात एक टप्पा आहे. तुमच्या मनगटावर एक यंत्र येतं. तुम्ही उभे आहात एका जळून पडझड झालेल्या प्रयोगशाळेत, छत फाटलेलं, रानटी जनावरं फिरताहेत. बटण दाबलं की क्षणात तीच खोली, पण वर्षानुवर्षांपूर्वीची: दिवे लखलखीत, फरशी चकचकीत, आणि बंदूकधारी पहारेकरी तुमच्याकडे बघून चपापलेले. पुन्हा दाबलं की पुन्हा राख. पुढे रस्ता तुटलेला असतो. मग वर्तमानातल्या भिंतीवरून पळत सुटायचं, हवेत असतानाच बटण दाबायचं आणि भूतकाळातल्या भिंतीवर पाय टेकवायचे. दोन-तीनदा पडल्यावर ते बोटांत बसतं आणि मग थांबावंसं वाटत नाही.

हे बारा जणांच्या ऑनलाइन लढतीत करता येत नाही. एकाने काळ बदलला तर उरलेल्या अकरांनी कुठे जायचं? काळ थांबवणं, मागे नेणं, चुकलं की पाच मिनिटांपूर्वीच्या सेव्हवर परतणं, हे सगळं जिथे घड्याळ एकाच माणसाचं असतं तिथेच शक्य होतं. गोष्ट सांगण्याचंही तसंच. एखाद्या पात्राच्या मृत्यूनंतर दोन मिनिटं शांतता ठेवायची तर शेजारी उड्या मारणारा, बंदूक उडवणारा चौथा भिडू नको.

या दोन भावांचं पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. पहिल्या ‘टायटनफॉल’चे सर्व्हर हल्लेखोरांनी वारंवार पाडले आणि २०२१ च्या डिसेंबरात त्याची विक्रीच थांबवली गेली. दुसऱ्याच्या ऑनलाइन भागानेही तोच त्रास भोगला. ‘बॅटलफिल्ड’ आणि ‘कॉल ऑफ ड्यूटी’ यांच्या मधल्या आठवड्यात बाजारात येऊन तो तसाही चेंगरला गेला होता. पण मनगटावरच्या यंत्राचा तो टप्पा आजही जसाच्या तसा खेळता येतो. त्यासाठी दुसऱ्या कोणी ऑनलाइन असावं लागत नाही.

जे एकट्याला मिळत नाही

आता एपेक्सची बाजू. त्यात तुमचा भिडू मेला की त्याच्या जागी एक पेटी उरते. ती पेटी उघडून त्याचं निशाण उचलायचं, नकाशावरच्या ठरावीक ठिकाणी पळत न्यायचं आणि तिथून त्याला परत बोलवायचं. पेटी बहुधा उघड्यावर पडलेली असते आणि मारणारे आसपासच टपलेले असतात. अशा वेळी नाव-गाव माहीत नसलेला कोणीतरी, माइकसुद्धा न लावलेला, आपल्या निशाणासाठी गोळ्यांतून पळत येतो. त्याने तसं करायची सक्ती नाही. लपून बसला असता तर त्याचं स्वतःचं स्थान वर गेलं असतं. कितीही चांगल्या लेखकाने लिहिलेला प्रसंग असो, समोरच्याला ‘नाही’ म्हणता येत होतं ही गोष्ट त्यात आणता येत नाही.

आणि मित्र. गाव सुटलं, नोकऱ्या लागल्या, तरी आठवड्यातून एकदा हेडफोन लावून चौघं भेटतात, निम्मा वेळ गेमकडे लक्षही नसतं. तिथे गेम हे निमित्त. त्यासाठी मल्टिप्लेअरच हवा, वाद नाही. वाईट बाजूही सांगायला हवी: शिव्या, चीटर, आणि हरलेल्या मॅचनंतर ‘आता एक जिंकूनच झोपू’ म्हणत वाजलेले रात्रीचे दोन.

पैसे कधी टाकायचे

मोठ्या कंपनीचा सिंगल-प्लेअर गेम आता साधारण ७० डॉलरला येतो. मल्टिप्लेअर पुष्कळदा फुकट, मग बॅटल पास (सीझनभराच्या बक्षिसांचं तिकीट), स्किन (पात्रांचे पोशाख), अमुक पॅक. हिशोब ज्याने त्याने करावा. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते घेण्याची वेळ, कारण तिचे नियम दोन्हीकडे अगदी उलटे आहेत.

सिंगल-प्लेअर थांबून घ्यावा. ‘सायबरपंक २०७७’ २०२० च्या डिसेंबरात इतका मोडका आला की सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला, तो पुढच्या जूनमध्ये परतला. २०२३ मधल्या मोठ्या अपडेटनंतर तोच गेम लोक डोक्यावर घेऊन नाचले. ज्यांनी तीन वर्षं कळ काढली त्यांना चांगला गेम कमी पैशांत मिळाला आणि त्यांचं काही बुडालं नाही.

मल्टिप्लेअरमध्ये थांबलात तर लॉबी (मॅचआधी खेळाडू जमतात ती जागा) रिकामी होते, आणि घाई केलीत तर ‘कॉन्कॉर्ड’ होतो. सोनीचा हा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद. दोन आठवडे. पैसे परत मिळाले, हे खरं. पण दुसरं टोकही त्याच वर्षी, त्याच कंपनीने दाखवलं. ‘हेलडायव्हर्स २’ फेब्रुवारीत आला आणि बारा आठवड्यांत त्याच्या १ कोटी २० लाख प्रती गेल्या. आधी सांगता कोणालाच आलं नसतं. म्हणून पैसे मोजून घ्यायच्या मल्टिप्लेअरमध्ये पहिल्या दिवशी उडी मारू नये. महिनाभराने लॉबी भरलेली दिसली तर घ्यावा.

यंत्राबद्दल थोडक्यात: सिंगल-प्लेअरचे बडे गेम हार्डवेअर आणि जागा खातात, ‘बाल्डर्स गेट ३’ला १५० जीबी लागतात. स्पर्धेचे मल्टिप्लेअर गेम जुन्या संगणकावरही पळावेत असेच बांधलेले असतात. पण तिथे चीटर रोखणारी यंत्रणा तुमच्या मशीनमध्ये खोल शिरते आणि कधी थेट दार बंद करते. एपेक्सने २०२४ च्या ऑक्टोबरात लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्यांना बाहेर काढलं, त्यात हातात धरून खेळायचा स्टीम डेकही गेला.

विकत घेतलं म्हणजे आपलं झालं का

युबीसॉफ्टचा ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम २०१४ चा. त्यात एकट्याने खेळायची लांबलचक मोहीम होती, पण चालू व्हायला सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि मोहिमेसकट सगळा गेम गेला. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली, आणि युरोपीय संघातल्या तिच्या मागणीने २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. ‘डेस्टिनी २’ने तर गेम चालू ठेवून २०२० च्या नोव्हेंबरात त्यातली मूळ मोहीमच काढून टाकली, जी लोकांनी पैसे देऊन घेतली होती. सिंगल-प्लेअरही दुकानातून नाहीसे होतात. ‘स्पेक ऑप्स: द लाइन’ परवाने संपल्यामुळे २०२४ मध्ये विक्रीतून गेला, पण ज्यांच्याकडे तो आहे त्यांना तो अजूनही डाउनलोड करून खेळता येतो.

मग कंपन्यांचा ओढा कुठे आहे? काही काळ तो सरळ ऑनलाइनकडे होता. सोनीने २०२६ च्या मार्चपर्यंत बारा लाइव्ह-सर्व्हिस, म्हणजे वर्षानुवर्षं ऑनलाइन चालत राहणारे, गेम काढायचं जाहीर केलं होतं, २०२३ मध्ये तो आकडा निम्म्यावर आला. त्याच डिसेंबरात सोनीच्याच नॉटी डॉग स्टुडिओने ‘द लास्ट ऑफ अस’चा ऑनलाइन गेम सोडून दिला. तो चालवायचा तर अख्खा स्टुडिओ त्यालाच जुंपावा लागेल आणि गोष्टींचे गेम करता येणार नाहीत, हे त्यांनी उघड सांगितलं. पण मोठ्या सिंगल-प्लेअरचा खर्चही छाती दडपवणारा आहे. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खटल्यात सोनीचे कागद कोर्टात आले. आकड्यांवर काळं मार्कर फिरवलेलं होतं, पण स्कॅनमध्ये खालचं वाचता येत होतं: ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ला २२ कोटी डॉलर. एवढे पैसे लावणारा माणूस नवं काही करायला धजावत नाही, मग दुसरे-तिसरे भाग येत राहतात. नवेपणा शोधायचा तर लहान टोळ्यांकडे बघावं. ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ मूठभर माणसांनी केला, आणि ४ सप्टेंबर २०२५ ला तो आला तेव्हा गर्दीने स्टीमसकट मोठमोठी ऑनलाइन दुकानं कोलमडली.

तर माझा कौल असा. ठरलेल्या वेळी येणारे दोन-तीन मित्र असतील तर मल्टिप्लेअर, आणि तेही खेळतात तोच. तो गेम थोडा सुमार असला तरी चालेल. मित्र नसतील, वेळ तुकड्यातुकड्यांत मिळत असेल, तर सिंगल-प्लेअर, दहा-पंधरा तासांत संपणारा, एक-दोन वर्षं जुना. अनोळखी लोकांत एकट्याने रँक चढायची हौस असेल तर खुशाल चढा, फक्त स्वभाव शांत हवा.

एक खबरदारी मात्र घ्या, कारण ‘सिंगल-प्लेअर’ या पाटीवर आता डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये ‘ग्रान टुरिझ्मो ७’चे सर्व्हर देखभालीसाठी एका दिवसाहून जास्त बंद राहिले आणि एकट्याने खेळायचा बहुतेक भागही अडकून पडला. ‘डायब्लो ४’ २०२३ मध्ये आला तो कायम ऑनलाइन, एकटे असलात तरी पॉज नाही. दुकानाच्या पानावर खाली बारीक अक्षरांत ‘इंटरनेट जोडणी आवश्यक’ असं असतं, ते वाचा. घेतल्यावर खात्री करायची तर नेट बंद करून गेम सुरू करून बघा, आणि हे परताव्याची मुदत संपायच्या आत करा. स्टीमवर ती खरेदीपासून चौदा दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ, अशी आहे.