फळ्यावर नाव, की सुट्टीत दोन शब्द?

वर्गात दंगा करणाऱ्या मुलाला आवरायच्या दोन पद्धती मी प्रत्येकी वर्षभर वापरल्या. दोन्हींचे गोडवे गाणारे शिक्षक आहेत, आणि त्यांचा वर्ग माझ्यापेक्षा शांत असेलही.

पहिली पद्धत ली आणि मार्लीन कँटर या शिक्षणतज्ज्ञ जोडप्याची, १९७६ पासून अमेरिकेत गाजलेली. नियम आधी सांगायचे. मोडला की फळ्यावर नाव, पुन्हा मोडला की नावापुढे खूण, खुणा वाढल्या की ठरलेली शिक्षा. आवाज चढवायचा नाही, हुज्जत घालायची नाही. पहिल्या आठवड्यात तर जादूच वाटते.

दुसरी मानसोपचारतज्ज्ञ रुडॉल्फ ड्रायकर्स यांची. मूल वाकडं वागतं त्यामागे ते चार हेतू मानतात: लक्ष वेधणं, वर्चस्व गाजवणं, उट्टं काढणं, किंवा ‘मला जमत नाही, माझा नाद सोडा’ हे सुचवणं. यातला कुठला, हे ओळखायचं ते आपल्याच मनावरून. नुसता वैताग आला तर पहिला, ‘बघतोच आता’ असं झालं तर दुसरा, जिव्हारी लागलं तर तिसरा, हात टेकले तर चौथा. मग मुलाशी एकट्यात बोलायचं.

माझं मन पहिलीवरून उडालं ते एका वाक्यामुळे. क्षेत्रफळाचं गणित अर्धवट सोडून मी फळ्याच्या कोपऱ्यात एकाच्या नावापुढे दुसरी खूण केली. वळतोय तोच तो शेजाऱ्याला म्हणाला, “अजून एक शिल्लक आहे.” तिसऱ्या खुणेला शिक्षा, म्हणजे दोन खुणा फुकट! शिवाय दर वेळी वर्गाकडे पाठ करायची, ‘सर, मी एकटाच नव्हतो’ ऐकायचं, आणि गणित कुठवर आलं होतं ते पुन्हा शोधायचं. तास शिकवण्यापेक्षा हिशेब ठेवण्यातच जायचा.

आणि फळा रोज पुसला जातो. त्यामुळे तोच मुलगा शाब्दिक उदाहरणं सुरू झाली की उठतो, एरवी नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी त्याला दुसऱ्या हेतूत धरून बसलो होतो. पुढच्या वर्षी सुट्टीत शेजारी बसवून एक उदाहरण वाचायला सांगितलं, तेव्हा दुसऱ्या ओळीवर बोट अडलं. चौथाच निघाला. दंगा थांबला म्हणणार नाही, पण आता तो कधी उसळणार ते मला आधी कळतं.

ड्रायकर्स यांचा अंदाज चुकतोही. कधी मुलाला झोप नसते, फळा नीट दिसत नसतो. तिथे हेतूबितू काही नसतो. साठ मुलांत प्रत्येकाशी बोलायला वेळही कुठून आणणार? दोन आठवड्यांसाठी परक्या वर्गावर पाठवलं, तर मीसुद्धा कँटर यांचीच पद्धत धरेन. फक्त नावं फळ्यावर नको, वहीत. पुढे कँटर यांनीही फळ्याचा आग्रह सोडलाच. वही मात्र टेबलावर पालथी ठेवा, पहिल्या बाकावरची मुलं उलटं अक्षरही वाचतात.