शाळेच्या ऊर्जा मंडळासाठी वॅटमीटर : घ्यावा का आणि कोणता

१४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन शाळांतून बहुधा घोषवाक्यांच्या आणि चित्रकलेच्या स्पर्धांनी साजरा होतो, आणि प्रभातफेरी आटोपली की ‘वीज वाचवा’चे फलक कपाटामागे जातात. आमच्या शाळेच्या ऊर्जा मंडळाने फलकांवरचा खर्च कमी करून प्लगमध्ये बसणारे दोन वॅटमीटर घेतले आणि आठवी-नववीची मुले, सोबत एक शिक्षक किंवा पालक घेऊन, वस्तीतल्या घरोघरी जाऊ लागली. हे परीक्षण त्या उपकरणाचे आहे. एकाच साच्यातले मीटर ऑनलाइन बाजारात निरनिराळ्या नावांनी विकले जातात. त्यामुळे कंपनीच्या नावापेक्षा खरेदी करताना काय पाहावे, हे सांगणे अधिक उपयोगाचे ठरेल.

उपकरण साधे आहे. भिंतीतल्या सॉकेटमध्ये मीटर बसवायचा आणि मीटरच्या सॉकेटमध्ये टीव्ही, इस्त्री, फ्रीज असे जे मोजायचे असेल ते लावायचे. मग छोट्या पडद्यावर व्होल्ट, अँपिअर, त्या क्षणाचे वॅट आणि सुरुवातीपासून झालेला एकूण वापर युनिटांत (एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास) दिसतो. किंमत हजार रुपयांच्या आसपास पडली.

त्याचा खरा गुण पहिल्याच घरात कळला. देवघराजवळ रात्रभर जळणाऱ्या काचेच्या छोट्या दिव्याबद्दल मुलांनी विचारले, तेव्हा आजी म्हणाल्या, “अरे बाळांनो, तो झिरोचा बल्ब आहे, त्याला कुठली वीज लागते?” प्लग लावलेल्या होल्डरमध्ये तो दिवा बसवून मीटरवर चढवला आणि पडद्यावर १४ वॅटच्या आसपास आकडा आला. झिरोचा म्हणून विकला जाणारा हा जुन्या पद्धतीचा दिवा साधारण १२ ते १५ वॅट घेतो. वस्तीतल्या बहुतेकांना ते ठाऊक नव्हते, आणि खरे तर मुलांनाही नव्हते. रोज दहा तास धरले तरी महिन्याला चार युनिटांच्या पुढे जाणारा हा हिशेब मुलांनी वहीवर मांडून दाखवला, आणि शेजारी अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा लावून दाखवल्यावर आजींनी पुढचा प्रश्न स्वतःच विचारला : “मग त्या टीव्हीखालच्या डब्याचं काय?” तो डबा म्हणजे सेट-टॉप बॉक्स. टीव्ही रिमोटने बंद केला तरी तो दहा वॅटच्या घरातच राहिला. दहा वॅट अहोरात्र, म्हणजे वर्षाला सुमारे ८८ युनिटे. हात जोडून केलेल्या विनंतीपेक्षा पडद्यावरचा आकडा मोठ्यांना लवकर पटतो, असा माझा अनुभव आहे.

याच्या उलट, फलकांवर हमखास आढळणारे ‘मोबाइल चार्जर सॉकेटमधून काढा’ हे वाक्य मीटरपुढे फिके पडले. फोन न लावलेल्या बऱ्या प्रतीच्या चार्जरचा आकडा शून्यच राहिला. एक वॅटच्या खालचे मोजमाप हे स्वस्त मीटर नीट करत नाहीत, त्यामुळे त्या शून्याचा अर्थ पूर्ण शून्य असा घेऊ नये, हे मुलांना समजावून सांगावे लागले. परंतु चार्जरपेक्षा सेट-टॉप बॉक्सची कळ बंद करणे कितीतरी महत्त्वाचे आहे, हा क्रम त्यांना स्वतःच लावता आला. पाठ्यपुस्तकातला शक्ती आणि ऊर्जा यांतला फरकही इथेच उलगडला. मिक्सर ७५० वॅटचा आणि आवाजाने घर दणाणून सोडणारा, म्हणून तोच सर्वाधिक वीज खात असणार, असे बहुतेक मुलांना वाटत होते. पण पाच मिनिटांच्या चटणीला ६० वॅट-तासांच्या आसपास वीज लागते, तर ७५ वॅटचा पंखा बारा तासांत जवळजवळ एक युनिट संपवतो.

आणि नेमका हा पंखाच या मीटरला मोजता येत नाही. छताचा पंखा, ट्यूबलाइट, छतातले दिवे यांची जोडणी थेट भिंतीतल्या तारांतून झालेली असते. त्यांना प्लग नसतो. सामान्य घरातला वापराचा मोठा वाटा असा मोजमापाबाहेर राहतो, ही या उपकरणाची सर्वांत मोठी मर्यादा आहे आणि विक्रेत्यांच्या वर्णनात तिचा उल्लेख नव्हता. त्यावर उपाय फुकट आहे. घराबाहेरच्या महावितरणच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो, हे मीटरच्या पाटीवरच छापलेले असते. आमच्या भागातल्या अनेक मीटरांवर तो आकडा ३२०० आहे. घरातले बाकी सारे बंद करून फक्त पंखा चालू ठेवायचा, दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागायचे, की वॅट मिळतात. जुन्या पंख्याला सुमारे पंधरा सेकंद लागतात, तर कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरच्या, २८ वॅटच्या बीएलडीसी पंख्याला चाळीस. पाटीवरचा आकडा वेगळा असेल, तर छत्तीस लाखांना त्या आकड्याने भागून ११२५ च्या जागी येणारी संख्या वापरावी. मुले या मोजणीत इतकी रमतात की विकतचा मीटर थोडा वेळ बाजूलाच पडतो, हेही नमूद केले पाहिजे.

विकतच्या मीटरचे आणखी काही दोष सांगतो. आमच्या दोन मीटरांपैकी स्वस्तातल्या मीटरमध्ये स्मृती राखणारी बॅटरी नाही. फ्रीजचा कॉम्प्रेसर थांबून थांबून चालत असल्याने त्याचा वापर किमान चोवीस तास मोजावा लागतो, आणि मध्येच वीज गेली की या मीटरवर साठलेला आकडा पुसला जातो. भारनियमनाच्या किंवा वारंवार वीज जाणाऱ्या गावी असा मीटर घेण्यात अर्थ नाही. पडद्याला प्रकाश नसल्याने टेबलामागच्या, पलंगाखालच्या सॉकेटवर आकडे वाचायला टॉर्च लागतो. शिवाय हा मीटर ६ अँपिअरचा आहे. २००० वॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर घेतो, त्यामुळे तो या मीटरवर कदापि लावू नये. दुसरा मीटर १६ अँपिअरचा आहे, परंतु त्याच्या जाड पिना घरातल्या लहान सॉकेटमध्ये जात नाहीत. पिठाची गिरणी तीन फेजवर चालत असल्याने ती दोन्हींच्या आवाक्याबाहेर राहिली. गिरणीमालकांनी मुलांना बिल मात्र मोकळेपणाने दाखवले.

आणखी एक गोंधळ शिक्षकांनी आधीच निस्तरावा. हुशार मुले व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करून पाहतात आणि ९ वॅटच्या एलईडी दिव्याला उत्तर १७-१८ येते, तेव्हा मीटर बिघडला असे ठरवतात. मीटर बरोबरच असतो. तो शक्तिगुणक, म्हणजे त्या गुणाकारातला किती भाग खऱ्या वापराचा हे सांगणारे प्रमाण, धरून खरे वॅट दाखवतो, आणि घरगुती बिल त्याच वॅटांवरून होणाऱ्या युनिटांवर येते. बिलाचा कागद मात्र सोबत ठेवाच. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटांनंतर एकदम चढतो, पण वाढीव दर १०० च्या वरच्या युनिटांनाच लागतो, हे मुलांनी समजावले तेव्हा किती तरी घरांतला जुना गैरसमज दूर झाला.

सुरक्षिततेबाबत आमचा नियम कडक आहे. प्लग काढणे-लावणे हे काम मोठ्या माणसाचे, तेही कळ बंद करून. सैल किंवा काळवंडलेल्या सॉकेटवर मोजणी करायची नाही. बाहेरचा मीटर फक्त बघायचा, त्याला हात लावायचा नाही.

खरेदी करायचीच असेल तर एकच, पण १६ अँपिअरचा, स्मृती राखणारा आणि उजळ पडद्याचा मीटर घ्यावा. त्यासाठी थोडे अधिक पैसे मोजावे लागले तरी चालतील. सोबत लहान सॉकेटसाठीचा जोड (अडॅप्टर) घेतला, तर त्यावर इस्त्री-गीझरसारखे काही लावायचे नाही, अशी चिठ्ठी त्यावरच चिकटवावी. एवढीही तरतूद नसलेल्या शाळांनी या वर्षी लाल दिवा आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ यांवर सुरुवात करावी आणि मीटर पुढच्या वर्षी घ्यावा.