ठिपक्यांसाठी एक मिलिमीटरचे ‘यू’ हत्यार: लिनोकट करणाऱ्यांसाठी परीक्षण

स्विस ‘फाइल’ (Pfeil) कंपनीच्या ११ क्रमांकाच्या, म्हणजे खोल ‘यू’ आकाराच्या हत्यारांपैकी एक मिलिमीटर रुंदीचे हत्यार मी मुख्यतः ठिपक्यांसाठी वापरतो. लाकडी मूठ तळहातात नीट बसते आणि धार लावूनच येत असल्याने पहिल्या दिवसापासून काम सुरू करता येते. मात्र ते कशासाठी घ्यावे आणि कशासाठी घेऊ नये, हे आधी स्पष्ट असावे.

लिनोकटमध्ये, म्हणजे लिनोलियमच्या (लिनोच्या) तुकड्यावर कोरून त्याचा छाप घेण्याच्या पद्धतीत, कोरलेला भाग कोरा राहतो व न कोरलेला छापला जातो, त्यामुळे पांढरा ठिपका म्हणजे एक खड्डा, तर काळा ठिपका म्हणजे त्याच्या भोवतालचे सगळे काढून टाकणे. या हत्याराचे खरे कौशल्य पहिल्या कामात आहे. ते जवळजवळ उभे धरून टोक लिनोत रुतवावे, हात स्थिर ठेवावा आणि दुसऱ्या हाताने ब्लॉकच, म्हणजे लिनोचा तुकडाच, एक पूर्ण फेरा फिरवावा. बारीक, खाली निमुळता होत गेलेला तुकडा अख्खा सुटून येतो आणि मागे स्वच्छ कडेचा गोल खड्डा उरतो. ब्लॉक न फिरवता मनगट वळवले, तर गोल हमखास एका बाजूला फुगतो. हत्यार आडवे करून किंचित पुढे ढकलले व लगेच उचलले, तर तांदळाच्या दाण्यासारखा लांबट ठिपका मिळतो, जो केस, गवत किंवा पाऊस दाखवताना गोलापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

पात्याची रुंदी ठरलेली असल्याने सगळे ठिपके एकसारखे येतात, ही सोय आहे आणि मर्यादाही. ‘व्ही’ हत्याराने दाब कमीजास्त करून ठिपका लहानमोठा करता येतो, पण त्याचे एक टोक अणकुचीदार राहते. या ‘यू’ हत्याराने छटा हवी असेल, तर ती ठिपक्यांमधील अंतरातूनच साधावी लागते. अर्ध्या मिलिमीटरचे भावंडही मिळते, परंतु त्याचे ठिपके शाईने पटकन बुजतात. रोलरवर शाईचा थर अगदी पातळ आणि शाई घट्टसर असेल, तरच ते हाती घ्यावे.

काळ्या ठिपक्यांसाठी मात्र हे हत्यार चुकीचे आहे. तिथे ‘व्ही’ने ठिपक्याभोवती फेरा घ्यावा आणि उतार बाहेरच्या बाजूला जाईल असे पाहावे, कारण खालून पोखरलेला ठिपका छापताना दाबाने तुटतो. मधली जागा साफ करायला मग ‘यू’ चालते.

स्वस्त पर्यायांबद्दल थोडक्यात सांगतो. पाती बदलता येणाऱ्या संचांतले पाते फिरवताना मुठीत हलते, म्हणून गोल बिघडतो. पोकळ पंच मारल्यास मधला गाभा जागेवरच राहतो आणि ठिपक्याऐवजी बारीक पांढरे वलय दिसते. खिळ्याचा तर विचारच करू नये, कारण जवसाचे तेल आणि बुचाच्या भुशापासून बनलेला लिनो लवचीक असतो, आणि नुसता दाबलेला खड्डा बऱ्याच अंशी परत भरून येतो.

देखभाल हा या हत्याराचा सर्वांत कटकटीचा भाग आहे. धार बोथट होताच ठिपक्याची कड भुगा होऊन तुटते, आणि एवढ्या अरुंद खोबणीत आतून घासायला साधा दगड शिरत नाही. चामड्याच्या पट्टीची कड खोबणीत बसेल इतकी पातळ करून, तिला पॉलिशची पेस्ट लावून घासणे हा मला पटलेला उपाय आहे. हे वारंवार, थोडे थोडे करावे. जुना, टणक झालेला लिनो आधी हलकासा गरम करून घेतला, तर धार अधिक काळ टिकते.