जपानात वसंतात फिरताना गाडी कुठे घ्यावी, कुठे सोडावी

वसंतात जपानला निघालेल्या घरात एक वाद हमखास होतो: सगळं रेल्वेने करायचं की विमानतळावरूनच गाडी भाड्याने घ्यायची? माझं मत स्पष्ट आहे. शहरं रेल्वेने करावीत आणि गाडी फक्त डोंगरातल्या दोन-तीन दिवसांसाठी घ्यावी.

उतरल्या दिवशी तर गाडी नकोच. रात्रभर विमानात अवघडून बसल्यावर, घड्याळ साडेतीन तास पुढे सरकलेलं असताना, टोकियोच्या एकावर एक चढलेल्या टोल रस्त्यांवर शिरण्यात शहाणपण नाही. नारिता विमानतळाहून स्कायलायनर ही जलद गाडी जेमतेम 36 मिनिटांत टोकियोतल्या निप्पोरी स्टेशनला पोचवते. शिवाय शहरात गाडी उभी करायलाच पैसे मोजावे लागतात.

टोकियो ते क्योटो हा खरा तुलनेचा टप्पा. नोझोमी ही शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सव्वादोन तासांत नेते, माणशी सुमारे 14,000 येन. गाडीने साडेचारशे किलोमीटर म्हणजे सहा तास, टोल दहा हजार येनच्या आसपास, वर पेट्रोल आणि गाडीचं भाडं. चौघं असाल तर कागदावर गाडी स्वस्त दिसते हे खरं, पण चेरीच्या फुलांचा बहर जेमतेम आठवडाभर टिकतो. त्यातला एक दिवस महामार्गावर घालवणं मला पटत नाही.

मात्र रेल्वे म्हणजे जेआर पासच (ठरावीक दिवस जपानभर रेल्वेने हवं तितकं फिरायचा पर्यटकांचा पास), हे गणित आता जुनं झालं. सात दिवसांचा साधा पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 वरून 50,000 येनवर गेला. नुसतं टोकियो-क्योटो जाऊन येणार असाल तर सुटी तिकिटंच काढा. एक गोष्ट लक्षात ठेवा: बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून 160 सेंटीमीटरच्या वर गेली, तर या मार्गावर तिच्यासाठी जागा आधी राखून ठेवावी लागते. त्यापेक्षा ताक्क्युबिनने, म्हणजे सामान पोचवणाऱ्या कुरिअर सेवेने, मोठ्या बॅगा पुढच्या हॉटेलवर पाठवा. बहुतेकदा दुसऱ्या दिवशी पोचतात.

आता गाडी. नागोयाहून हिदा एक्स्प्रेसने डोंगरातल्या ताकायामा शहराला या आणि तिथे गाडी घ्या. 14 आणि 15 एप्रिलला तिथला वसंतोत्सव असतो. नक्षीदार रथ बाहेर काढतात, पाऊस आला तर मात्र काढत नाहीत. नुसतं शिराकावा-गो हे गवती छपरांच्या घरांचं गाव पाहायचं असेल तर बसही 50 मिनिटांत नेते, गाडीचा खटाटोप कशाला? गाडीची किंमत वसूल होते ती त्याच्या पलीकडे. मिबोरो धरणाच्या काठावर चेरीची दोन झाडं आहेत, चारशेहून अधिक वर्षांची. धरणात गाव बुडणार म्हणून 1960 मध्ये ती मुळासकट उचलून वर आणून लावली, आणि ती जगली. ती फुलतात एप्रिलच्या अखेरीस, टोकियोचा बहर कधीच ओसरून गेलेला असतो तेव्हा. तिथे थांबावं, वाटेतल्या मिचि-नो-एकीवर (रस्त्याकडेच्या विश्रांती थांब्यावर) गावच्या भाज्या-फळं घ्यावीत आणि गोकायामाच्या गवती छपरांच्या घरांपाशी संध्याकाळपर्यंत रेंगाळावं. बसच्या वेळापत्रकात हे बसत नाही.

वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे हात लवकर बसतो. आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना निघण्यापूर्वीच काढा आणि मूळ लायसन्सही सोबत ठेवा. रेल्वे फाटक उघडं असलं तरी त्याआधी पूर्ण थांबायचं. सहा वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीट सक्तीची. दारूचा घोट घेतला असेल तर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. अशा गाडीत जाणूनबुजून बसणाऱ्यालाही शिक्षा होते. एप्रिलच्या सुरुवातीला जाणार असाल तर बर्फाचे टायर मागून घ्या, घाटात बर्फ पडू शकतो.

गाडी कानाझावात सोडा. दुसऱ्या शहरात सोडण्याचं वेगळं शुल्क पडतं, पण आल्या वाटेने परत फिरावं लागत नाही. तिथून टोकियो शिंकानसेनने अडीच तासांवर आहे.

29 एप्रिल ते 5 मे, म्हणजे गोल्डन वीक, शक्यतो टाळा. त्या दिवसांत महामार्ग तुंबतात आणि नोझोमीत अनारक्षित डबेच नसतात. धरणाकाठची झाडं पाहायचीच असतील तर 29 तारखेच्या आधीचे दोन-तीन दिवस पकडा. आणि घरात गाडी चालवणारं एकच माणूस असेल, तर डोंगरात दिवसाला शंभर किलोमीटरच्या वर बेत आखू नका. त्यालाही खिडकीबाहेर पाहू द्या.