सिस्टीन चॅपेलची मार्गदर्शित फेरी: ‘अंतिम न्याया’समोर
व्हॅटिकन संग्रहालयांची ही मार्गदर्शित फेरी मी मुख्यतः सिस्टीन चॅपेलमधील वेदीमागच्या भिंतीसाठी घेतली होती, जिच्यावर मायकेलअँजेलोने १५३६ ते १५४१ या काळात ‘अंतिम न्याय’, म्हणजे जगाच्या अंती ख्रिस्त सर्वांचा न्याय करतो तो प्रसंग, रंगवला. आत बोलण्यास मनाई असल्यामुळे मार्गदर्शक बाईंनी बाहेरच, फलकापाशी, सारे समजावले: हात उगारलेला, दाढी नसलेला ख्रिस्त, शापितांना वल्ह्याने हाकणारा नावाडी खॅरॉन, आणि स्वतःची सोललेली कातडी धरलेला संत बार्थोलोम्यू, जिच्यावरचा चेहरा चित्रकाराचाच मानला जातो. न्याय रंगवणाऱ्याने स्वतःलाही न्यायासनासमोर आणले, हे पाहून मी हेलावलो. कॅथलिक चर्चने २०१८ मध्ये आपल्या धर्मशिक्षणग्रंथात देहदंड अस्वीकार्य ठरवला, हा दुवा मात्र मार्गदर्शक बाईंनी चित्रातल्या न्याय आणि शिक्षेच्या विषयाशी जोडायला हवा होता.