ऐरोलीत ७८,५०० ला बुरशी विकत घेतली

आधीच सांगतो, मी काही येडा नाही. क्यूआर कोड पाठवून "स्कॅन करा, पैसे तुमच्याच खात्यात येतील" म्हणणारे, मिलिटरीत आहे, बदली झालीय म्हणून सामान विकतोय म्हणणारे, हे सगळे प्रकार मला तोंडपाठ आहेत, ऑफिसात दोघांना मीच वाचवलंय त्यातून. म्हणूनच कॅमेऱ्याची सेकंड हँड लेन्स घेताना ठरवलं होतं की कुरिअर नाही, ॲडव्हान्स नाही, समोरासमोर भेटायचं, वस्तू हातात घेऊन बघायची आणि मगच पैसे. आणि समोरासमोर, हातात घेऊन, बघून ७८,५०० घालवले.

झालं असं की मे महिन्यात ताडोबा ठरलं होतं. मी, बायको, मुलगी आणि सासरे. मोहर्ली गेट, चार सफाऱ्या, बुकिंग फेब्रुवारीतच झालेलं. माझ्याकडे कॅननचा ९०डी कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-१३५ लेन्स (आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). वाघ जवळ आला तर १३५ मध्येही मावतो, पण तो जवळ येईल असं कुठला गाइड लिहून देतो? मग महिनाभर रोज रात्री जेवण झालं की हेच. ५५-२५० हलकी आणि स्वस्त, पण पाणवठ्याच्या पलीकडे बसलेल्या वाघाला कमीच पडणार. सिग्माची १५०-६०० जवळजवळ दोन किलोची, भरलेल्या जिप्सीत ती फिरवताना कुणाच्या तरी डोक्यात बसणार, शिवाय वाघ बाजूनं गेला तर १५० ला नुसता कान येईल. आणि मेमधली तिथली धूळ म्हणजे पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं, तिथे कॅमेरा उघडून लेन्स बदलायचा विचारही करू नका. म्हणून एकच झूम आणि ती कॅननची ईएफ १००-४०० एल, मार्क टू. आमच्या क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ४०० म्हणजे ६४० सारखी दिसते. निवड बरोबर होती, त्यावर मी आजही ठाम आहे.

नवी घ्यायची ऐपत नाही. भाड्याने दिवसाला १,२०० सांगत होते, पाच दिवसांचे ६,०००. बायको म्हणाली भाड्यानेच घे. मी म्हणालो, पाच दिवसांसाठी सहा हजार पाण्यात कशाला घालायचे. हे वाक्य मला आता घरात दिवसातून एकदा तरी ऐकवलं जातं.

जाहिरात होती ८५,००० ची, लोकेशन ऐरोली. भाव संशय यावा इतका कमी नव्हता, हे लक्षात घ्या, त्याच आठवड्यात अजून दोन होत्या, एक ८८ ला आणि एक ९२ ला. फोन केला तर माणूस स्वच्छ मराठी बोलणारा, ताडोबा म्हटल्यावर लेन्सबद्दल बोलायच्या आधी विचारतो, "दादा, मोहर्ली की कोलारा?" आणि मग, "मेमध्ये जाताय ना, मग फिरत बसू नका, पाणवठ्यावर गाडी लावून थांबा." इथेच मी विरघळलो. जंगलात जाणारा माणूस फसवणार नाही असं मला का वाटलं, देव जाणे. ७८,५०० ला ठरलं. "दोघं जण मागे लागलेत" म्हणाला म्हणून ५,००० टोकन पाठवलं. टोकन म्हणजे ॲडव्हान्स नव्हे अशी मीच माझी समजूत घातली.

भेट एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी दुपारी चारला ठरली होती. त्याने पाच केली, मग सात. (सेकंड हँड काच सूर्य मावळल्यावर बघायची नाही. लिहून ठेवा.) ठाण्याहून ट्रान्स हार्बरने गेलो, स्टेशनबाहेर त्याची गाडी उभी, एसी फुल. "आत या ना, बाहेर काय उकडतंय." पाच मिनिटं गप्पा, लेन्स एसीच्या जाळीसमोर मांडीवर ठेवलेली. मग म्हणे चला बाहेर, फोटो काढून बघा. बाहेर आल्या आल्या लेन्सला घाम फुटला, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखा. "एसीतून आली ना दादा, दहा मिनिटांत जाईल."

मी रुमालाने पुढची काच पुसली. रुमाल ओला झाला. काच चकचकीत झाली. आणि तिच्या मागे दुधाळ होतं ते तसंच राहिलं.

आता सांगा. मला चष्मा आहे, वीस वर्षं आहे. एसी बसमधून उतरलं की त्याच्यावर धुकं धरतं, शर्टाला पुसलं की जातं, हे मी रोज करतो. धुकं बाहेरून धरतं! पुसूनही जात नाही म्हणजे ते धुकं नाही, एवढं कळायला काय इंजिनियर व्हावं लागतं? (मी इंजिनियरच आहे.) पण तो लगेच म्हणाला, "ते आतलं आहे, आतलं निघायला वेळ लागतो, रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवा." आणि मी मान डोलावली. मोबाइल पाण्यात पडल्यावर आपण तांदळातच टाकतो ना, त्यामुळे ते इतकं घरचं वाटलं.

फोटो काढून बघितले, नाही असं नाही. फोकस झटकन लागत होता, स्टॅबिलायझरचा आवाज येत होता. रस्त्यावरच्या दिव्यांभोवती वलय येत होतं तर म्हणाला हवेत दमटपणा आहे, खाडी बाजूलाच आहे ना. ते पण पटलं. हूडवर (लेन्सच्या तोंडाला लावायच्या नळकांड्यावर) ओरखडा नव्हता, जाहिरातीतल्या फोटोत मात्र चांगला बोटभर होता, आणि फोटोपेक्षा माल चांगला निघाला म्हणून मी खूश. फोटोतली लेन्स ही नव्हेच, हे डोक्यात आलंच नाही. उरलेले ७३,५०० पाठवताना यूपीआयवर एका बाईंचं नाव आलं. "मिसेसचं अकाउंट आहे." दाबलं बटण. विकणाऱ्याचं आणि खात्याचं नाव जुळत नसेल तर तिथून चालायला लागा, मिसेस असो नाहीतर मावशी. खोक्यावरचा सिरियल नंबर आणि लेन्सवरचा नंबर पण वेगळा होता, तो मी घरी येऊन बघितला, म्हणजे पैसे देऊन झाल्यावर.

दोन रात्री लेन्स कोलमच्या डब्यात. रविवारी त्याला मेसेज केला तर उत्तर आलं, "तांदूळ बदलून बघा." हो, बदलला. सोमवारी सकाळी गॅलरीत ऊन आलं तेव्हा मागच्या बाजूने मोबाइलची टॉर्च मारली आणि पुढून तिरकं बघितलं. कडेपासून मध्यापर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे, मुळं फुटावीत तसे, एका काचेवर नाही, दोन. बुरशी. हे टॉर्चचं काम दहा सेकंदांचं आहे, स्टेशनबाहेरच करता आलं असतं. वर झूमच्या रिंगमध्ये तांदळाची पावडर गेली, ती माझी भर. त्याला फोन केला तर बंद, मेसेजला एकच टिक, ती आजपर्यंत एकच आहे.

फोर्टमधल्या एका रिपेअरवाल्याने पाच सेकंद बघितलं आणि म्हणाला, "साहेब, ही दोन पावसाळे कपाटात पडून होती." उघडून साफ करायचे १८,०००, पण बुरशीचं आम्ल काचेवरचं कोटिंग खातं, ते खाल्लेलं परत येत नाही, त्यामुळे गॅरंटी नाही. आपल्याकडच्या दमट हवेत लेन्स चामड्याच्या पाऊचमध्ये घालून कपाटात ठेवणारे सगळे हेच पिकवतायत. ड्राय कॅबिनेट नसेल तर निदान हवाबंद डबा आणि सिलिका जेल तरी ठेवा.

आता पोलीस. ठाण्यात घराजवळच्या पोलीस स्टेशनला गेलो. "व्यवहार कुठे झाला? ऐरोली? मग ते नवी मुंबई, तिकडे जा." हाफ डे टाकून तिकडे गेलो. "पहिले पाच हजार कुठून पाठवले? घरून? घर ठाण्यात ना? मग सुरुवात तिकडे झाली." म्हणजे माझी पाच हजारांची फसवणूक ठाणे आयुक्तालयात आणि साडेत्र्याहत्तर हजारांची नवी मुंबईत! मी म्हणालो झिरो एफआयआर घ्या, गुन्हा कुठेही घडलेला असो, नोंदवून घ्यावा लागतो, १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात लिहूनच आलंय. समोरचा पोलीस हसला. "साहेब वकील आहात का?" मग म्हणे वस्तू मिळाली ना? फोटो निघतो ना? मग फसवणूक कसली, तुम्ही बघून घेतलीत. बुरशी आहे म्हणालो तर लेन्स हातात घेतली, खिडकीतून बाहेर बघितलं आणि विचारलं, "याने चंद्र दिसतो का?" शेजारचा पण उठून आला. दोघांनी आळीपाळीने बघितली. त्यांना तरी ती आवडली.

तीन फेऱ्या, दोन हाफ डे, रिक्षा-ट्रेनचे ६४० रुपये आणि हातात काय, तर शिक्का मारलेली अर्जाची पोच. ज्या नंबरवरून तो बोलला तो आहे, ज्या खात्यात पैसे गेले ते आहे, बाईंचं नाव आहे, गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे मला पाठ आहेत. अजून काय, माणूस बांधून आणून द्यायचा? ओळखीचा वकील म्हणतो ग्राहक आयोगात पण जाता येत नाही, विकणारा दुकानदार नाही, खासगी माणूस. घासाघीस करताना या मुद्द्याचा विचार कोण करतो? पैसे ऑनलाइन फसवणुकीत गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा, माझे मी स्वखुशीने पाठवले होते, आणि वर "थँक्यू दादा" पण लिहिलं होतं.

ताडोब्याला १८-१३५ च घेऊन गेलो. भाड्याची लेन्स बघायला गेलो तेव्हा मेच्या सुट्टीमुळे एकही शिल्लक नव्हती. तिसऱ्या सफारीत वाघीण दिसली, लांब, पाण्यात बसलेली. फोटोत ती तांबड्या ठिपक्याएवढी आहे.

काल रात्री परत जाहिरात दिसली. तेच टेबल, तेच फोटो, हूडवर तोच बोटभर ओरखडा. लोकेशन आता खारघर. ८४,०००, आणि खाली लिहिलंय, "एसी रूममध्ये जपून वापरलेली."